जस्टिनाचं खोडरबर

जस्टिना टाइक्रोब माझी चुलत बहीण. माझ्या नवऱ्याची ती मामेबहीण, म्हणून माझी नणंदही. शिवाय तिची आईकडची आजी आणि माझी आईकडची आजी सख्ख्या बहिणी. आमच्या श्योनफेल्ड गावात एवढ्याला लांबचं नातं म्हणतात.

जस्टिना जन्माने टाइक्रोब आणि लग्नानेही टाइक्रोब. तिला आडनावसुद्धा बदलावं लागलं नाही, आणि याचा तिला जन्मभर केवढा तोरा! "आमच्यात बाहेरचं काही मिसळलेलं नाही," असं ती म्हणायची. दूधवाल्याने दुधाबद्दल सांगावं तसं ती रक्ताबद्दल सांगायची, आणि दूधवाल्यावर ठेवावा तेवढाच विश्वास मी तिच्यावर ठेवायचे.

तिच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. आमचे लोक मॅनिटोबाहून इकडे अल्बर्टाच्या उत्तर टोकाला आले तेव्हा तिच्या आजोबांनी ती गव्हाच्या बियाण्याच्या पोत्यात घालून आणली. आठ पिढ्यांची नावं तिच्यात. कोण कधी जन्मला, कोणाशी लग्न केलं, किती मुलं झाली, कधी गेला. सगळं पेन्सिलीने. जस्टिनाचं म्हणणं, माणसं सारखी जन्मतात नि मरतात, शाई कुठवर पुरणार? म्हणून तिच्या एप्रनच्या खिशात सुरीने टोक काढलेली पेन्सिल असायची आणि साबणाच्या वडीएवढं लाल खोडरबर.

गावात लग्न जमायचं ते या वहीत. पोरगा आधी जस्टिनाच्या दारात, मग पोरीच्या बापाच्या दारात. ती नावांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "तिसऱ्या पिढीत मिळतात. चालेल." माहितीतलं घर हवं, आणि आमच्या माहितीतलं म्हणजे आमच्याच नात्यातलं. एकदा तिने ठरलेलं लग्न मोडलं, कारण पोरीच्या पणजोबाने चर्चची बंदी असताना ट्रॅक्टरला रबरी टायर लावले होते. पणजोबा मरून चाळीस वर्षं झाली होती. टायरही सडले असतील. पण जस्टिना नाकाने कांदे सोलायची ते साली मोजून!

आणि अशा बाईच्या मुलीने, लीनाने, आब्राम फेरशी लग्न केलं.

फेर लोक मेक्सिकोतल्या वस्त्यांवरून आलेले. आमचेच लोक, आमचीच भाषा, पण जेवणात मिरची खाणारे आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं जरा जास्त लांब थुंकणारे. वहीत फेरांची चार पानं होती, आणि त्यांवर जस्टिनाने त्यांचं एकेक मेलेलं मूल काळजीपूर्वक लिहून ठेवलं होतं. आना, चार महिने. डाविद, सहा महिने. मार्गारेटा, पाच. एकूण अकरा. टाइक्रोबांच्या बावीस पानांवर मेलेलं तान्हं मूल एकही नाही. वही कोणीही चाळली तरी त्याला वाटावं, फेर पोरं पुरतात आणि टाइक्रोब नुसती वाढवतात.

लग्नात ती मला म्हणाली, "सुश, माझी पोर कबरस्तानात चालली."

मी म्हटलं, "करवतीच्या गिरणीत कामाला जातो तो पोरगा. दारू पीत नाही, वर तुझं ऐकून घेतो. आणखी काय पाहिजे?"

"रक्त," ती म्हणाली.

लीनाला पहिली मुलगी झाली, सारा. तिसऱ्या महिन्यात तिच्या तोंडात पांढरा बुरा आला तो जाईना. मग खोकला, मग जुलाब. वजन वाढायचं थांबलं. शेजारणी काढा द्यायच्या, जस्टिना फेरांना शिव्या द्यायची. पाचव्या महिन्यात सारा गेली. जस्टिनाने पुरताना आब्रामच्या आईकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अकराची बारा झाली."

सव्वा वर्षाने लीनाला पुन्हा मुलगी झाली. आमच्यात मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देतात. आम्ही दोऱ्याचं टोक फेकत नाही, मग नाव कसं फेकू? जस्टिनाने पाळण्यातच सांगितलं, "सारा." आणि सहाव्या आठवड्यात या साराच्याही तोंडात पांढरा बुरा दिसला.

या खेपेला आब्रामने कोणाला विचारलं नाही. पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि गाडी काढून थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे ओकाफोर नावाची डॉक्टरीण होती, नायजेरियातून आलेली, आमच्या थंडीला दोन स्वेटर घालून तोंड देणारी. पहिली मुलगी कशी गेली ते तिने नीट ऐकून घेतलं आणि साराचं रक्त एडमंटनला पाठवलं. मग तिने निरोप धाडला की घराण्याची माहिती असेल ते माणूस घेऊन या.

हे असं कोणी बोलावण्याची जस्टिना अठ्ठावन्न वर्षं वाट बघत होती. तिने नवा रुमाल डोक्याला बांधला, वही कापडात गुंडाळली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. इंग्रजी मला जास्त येतं म्हणून दुभाषी मी. रस्ताभर ती म्हणत होती, "आज कागदोपत्री सिद्ध होईल."

झालंही. तिच्या मनात होतं ते नाही, एवढंच.

ओकाफोरबाईने आधी लीना-आब्रामला रक्ताचा निकाल सांगितला. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. साराच्या अंगात त्या धड भरल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांना हुकूमच पोचत नाही. सैन्य उभं आहे, पण बिगूल वाजत नाही. साधी सर्दीसुद्धा तिला नेऊ शकते.

आमच्या पंथात लढाई म्हणजे पाप; आमच्या लोकांनी साडेचारशे वर्षं शस्त्र हातात धरलं नाही. त्यापायी चार देश सोडले. ऐकताना मला वाटलं, देवाने आमचं जरा जास्तच मनावर घेतलं.

लीनाने विचारलं, "हे आलं कुठून?"

डॉक्टरणीने लीनाच्या झग्याकडे बोट केलं. "हा तुम्ही कागदाच्या मापावरून बेतता ना? ते माप आईकडून घेता?"

आमच्यात सगळ्याच घेतात. आईचं माप खपटाच्या कागदावर ठेवून रेघ मारायची, पिढ्यान्पिढ्या.

"अंगातल्या प्रत्येक कामाची अशी दोन मापं माणसाला मिळतात," ती म्हणाली, "एक आईकडून, एक बापाकडून. कधीकाळी कोणाच्या तरी मापात रेघ चुकली. पुढे तीच चूक उतरत गेली. एक माप चुकलं तरी दुसऱ्यावर काम भागतं. माणूस ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही चुकलेली मिळाली तर मात्र ते काम होतच नाही. आई आणि बाप दोघांकडे एकेक चुकलेलं माप असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एकदा असं मूल होऊ शकतं."

मी भाषांतर केलं. जस्टिनाने तेवढ्यात वही उघडून फेरांची पानं पुढे सरकवली. "विचार तिला, दिसतंय का? अकरा!"

डॉक्टरणीने पानं बघितली. मग मागची बावीस बघितली. एकदा, आणि परत एकदा.

"टाइक्रोबांत एकही नाही? दोनशे वर्षांत?"

"एकही नाही," जस्टिना म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

"जिथे दवाखाना नव्हता तिथे दोनशे वर्षांत एकही तान्हं मूल गेलं नाही, असं घराणं मी अजून पाहिलं नाही," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "आणि हा आजार एका बाजूने येत नाही, मिसेस टाइक्रोब. लीनाकडे ते माप असल्याशिवाय सारा आजारी पडत नाही." तिने तिसरं पान काढलं. तिथे थोरला याकोब टाइक्रोब होता, ज्याची गोष्ट जस्टिना प्रत्येक लग्नात सांगायची. त्याच्या एका मुलीने फेरांकडे लग्न केलेलं. "हा माणूस दोन्ही घरांच्या मुळाशी आहे. चूक याच्याकडून आली असेल किंवा याच्या बायकोकडून. नक्की सांगता येत नाही."

हे मी जस्टिनाला अक्षरशः सांगितलं. थोडं चवीने सांगितलं, कबूल करते.

ती म्हणाली, "हिला म्हणावं, दोन स्वेटर घालूनही तुझं डोकं गारठलंय."

याचं भाषांतर मी केलं नाही.

मग खरी गोष्ट आली. साराला वाचवायचं तर दुसऱ्याच्या हाडातला मगज तिच्यात घालायचा, म्हणजे तिच्या अंगात नव्या पेशी तयार होतील. तो जुळणारा हवा. सख्खं भावंड असतं तर आधी ते. सारा एकटी, म्हणून नात्यातली माणसं तपासायची. "तुमच्यात नाती इतकी गुंतलेली आहेत की कोणीतरी जुळेल," डॉक्टरीण म्हणाली. "मंगळवारी नर्स रक्त घ्यायला बसेल. दोन्हीकडचे सगळे पाठवा. तोवर मुलीजवळ आईबापांशिवाय कोणी जायचं नाही. आठवडे वाया घालवू नका, पहिल्या वेळी तेच झालं."

मंगळवारी फेरांकडचे एकतीस जण आले. खिशात सूर्यफुलाच्या बिया आणि पायात चिखल. एकही जुळला नाही. टाइक्रोबांकडचं कोणी फिरकलंच नाही. जस्टिनाने भावांना, भाच्यांना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: "आपल्यात ती भानगड नाही. सुई टोचून घेतली म्हणजे आहे असं कबूल केलं." तिचा भाऊ इझाक तिच्या मागोमाग म्हणायचा, "सुई गुरांना टोचतात." चर्चमध्ये धर्मगुरू बोलतो, घरात बाप बोलतो, पण टाइक्रोबांच्यात जस्टिना बोलली की दोघंही गप्प. मी मात्र गेले होते. माझंही रक्त जुळलं नाही.

पुढच्या रविवारी फास्पा जस्टिनाकडे होता. रविवारी दुपारी आम्ही न बोलावता एकमेकांकडे जातो, दोन मजली ट्वीबाक पाव, चीज, मुरंबा आणि कॉफी पुढे येते, त्याला फास्पा म्हणतात. त्या दिवशी तिच्या घरात तीसेक टाइक्रोब. पोरं शिंकत होती, दोघांच्या अंगावर कांजिण्यांचे फोड होते. जस्टिनाने लीनाला निरोप धाडला होता, बाळाला घेऊन ये, सगळ्यांना बघायचंय.

लीना आली ती रिकाम्या हाताने. कोटही काढला नाही.

"बाळ कुठे?" जस्टिनाने विचारलं.

"आब्रामजवळ. आई, परवा नर्स पुन्हा येणार आहे. शेवटचं. मी मागायला आलेय. इझाकमामा, तुम्ही सगळे या."

इझाकने कॉफीच्या कपात बघितलं.

"फेरांचं दुखणं फेरांनी निस्तरावं," जस्टिना म्हणाली. "वही सांगते ना."

मला राहवलं नाही. "जस्टिना, तुझ्या आईची किती बाळंतपणं माझ्या आईने केली, ठाऊक आहे? तेरा. आणि वहीत तुम्ही भावंडं नऊ. चार काय कोल्ह्याने नेली?"

जस्टिनाने माझ्याकडे सावकाश बघितलं. "सुश, तुझं पान काढू का? पेटरचं?"

आणि मी, गावभर जिच्या जिभेला लोक घाबरतात ती मी, मूग गिळून बसले. माझा पेटर तेव्हा चौतीस वर्षांचा, ट्रक चालवतो, ठणठणीत. त्याच्या आधी एक पेटर होता. त्याच्याही तोंडात पांढरा बुरा आला होता. दुसरा झाला तेव्हा जस्टिनाने पहिल्याची तारीख खोडली आणि तिथेच दुसऱ्याची लिहिली. मी समोर होते. मी तिला कॉफी ओतून दिली.

पण लीना तोवर वहीपाशी गेली होती. तिने आपलं पान काढलं. बराच वेळ बघितलं. मग वही उचलून खिडकीशी नेली आणि पान बर्फाच्या उजेडात तिरकं धरलं.

"आई, माझी सारा कुठे आहे?"

"आहे की. वाच ना. सारा फेर."

"ही जानेवारीतली. माझी जूनमधली कुठे आहे?"

"अगं, तेच नाव... टाइक्रोबांच्या पोरीच्या पानावर ते बरं दिसत नाही. तुझ्यासाठीच केलं मी."

लीना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाच महिने मी तिला मांडीवर घेऊन बसले होते," ती म्हणाली. "आणि ही गेली की? खोडरबर आहेच तुझ्याकडे. तिसरीचंही नाव सारा ठेवू. जागा एकच लागेल."

मग ती एकेक पान उजेडात धरत मागे गेली. पेन्सिल खोडली तरी टोकाची खाच राहते. याकोबाखाली दुसरा याकोब. हेलेनाखाली हेलेना. ती मोठ्याने वाचत होती आणि तिच्या मावश्या-माम्या खाली बघत होत्या, कारण प्रत्येकीला आपापलं पान माहीत होतं. बावीस पानांत सतरा निघाली. फेरांची अकराच, बारावी तिथेही लिहिली नव्हती.

शेवटी ती जस्टिनाच्या आईच्या पानावर आली. "जस्टिना," तिने वाचलं. "ऑक्टोबर एकोणीसशे त्रेचाळीस. आई, तू पंचेचाळीसची ना?"

जस्टिना खुर्चीत बसली. एवढी मोठी बाई, पण बसली ती पोरीसारखी.

"मला आई सांगायची," ती म्हणाली, "तू एकदा गेली होतीस नि परत आलीस. मला ते खरंच वाटायचं. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत. तिचे झगे मी घातले, तिच्या पाळण्यात मी झोपले. नंतर कळलं की दुसरंच कोणीतरी होतं. मग... मग ती असती तर माझं नाव काय असतं?"

मला तिची कीव आली, जन्मात पहिल्यांदा, आणि त्याचा मला रागही आला, कारण इतकी वर्षं तिच्यावर हसण्यात माझे दिवस बरे चालले होते.

लीना म्हणाली, "आई, मला वही नको. मला माणसं हवीत."

जस्टिना उठली. कपाटातून नवऱ्याचं शाईचं पेन काढलं. मेजावरचे पाव बाजूला सारले आणि सगळ्यांसमोर लिहिलं: जस्टिना, पहिली, सहा महिने. मग लीनाच्या पानावर: सारा, पहिली, पाच महिने. शाई जरा फुटली. मग मान वर न करता म्हणाली, "इझाक, मंगळवारी सातला गाडी काढ. सगळ्यांच्या आधी मी टोचून घेणार. तुला चक्कर येते हे मला माहीत आहे, तेव्हा उपाशी येऊ नकोस."

मंगळवारी त्रेसष्ट टाइक्रोब रांगेत उभे राहिले. नर्सच्या नळ्या संपल्या. आणि जुळला कोण, तर इझाक! एडमंटनला त्याच्या कमरेच्या हाडातून मगज काढला. तो दोन दिवस पालथा पडला आणि पुढे बारा वर्षं गावाला सांगत राहिला की एका टाइक्रोबाने फेरांचं घराणं वाचवलं. जित्याची खोड! साराला तीन महिने काचेआड ठेवलं. दोनदा वाटलं, गेली. नाही गेली. आज ती बावीस वर्षांची आहे, धान्याच्या कोठारावर कामाला आहे आणि आजोळचं नाक घेऊन फिरते. आता इथे जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हे आधीच तपासतात. आमचे म्हातारे म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खरं आहे. आमच्या वेळी खोडरबर होतं.

जस्टिना सुधारली असं कोणी म्हणू नये. लग्नं ती जमवतच राहिली. फरक एवढाच, की वहीतून मान वर करून पोराला सांगायची, "आधी दोघं जाऊन रक्त तपासून या. मग तुझ्या पणजोबाच्या टायरांचं बघू." बाकीच्या बायका एकेक करून तिच्याकडे गेल्या आणि आपापली मुलं शाईने लिहून घेतली. सतरातली सोळा लिहिली गेली. मी गेले नाही. तिनेही विचारलं नाही. तिच्यावर हसायला मी दर रविवारी जात होते, पण त्या कामाला मला वेळ मिळाला नाही.

गेल्या शरदात जस्टिना गेली. मरताना तिने सांगितलं, माझं नाव आता कोणाला देऊ नका, दोघी पुरे झालो. आणि वही सुशकडे द्या.

मी ती आठ दिवस उघडली नाही. मग उघडली, माझं पान काढलं. पेटर होता, ट्रकवाला, पेन्सिलीने. त्याच्यावर तिने एक ओळ जागा केली होती. बाकीची नावं जरा खाली सरकवून, पुन्हा लिहून. त्या ओळीवर शाईने फक्त "पेटर, पहिला" एवढंच होतं. पुढे कोरं. तारीख तिला पाठ होती, तिने स्वतःच खोडली होती. तरी तिने ती लिहिली नव्हती, माझ्यासाठी ठेवली होती.

आयुष्यभर मी तिला हसले, आणि शेवटचं ती हसून गेली. मी चष्मा लावला, पेन शोधलं आणि लिहिलं: नऊ फेब्रुवारी एकोणीसशे अडुसष्ट. चार महिने अकरा दिवस. मग पेटरला फोन करून सांगितलं की तुला एक भाऊ होता.